तात्यांची पुडी

"ठेव ते खाली," आत्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला वैजूच्या ओठांना लावलाच होता. आत्यांनी माझा हात धरला नाही की पेला हिसकावून घेतला नाही. नुसतं सांगितलं, आणि माझा हात आपसूक खाली आला. त्यांच्या बोलण्याचा तसा वचकच होता. वैजूनं पेल्याच्या मागं दोन्ही हात पसरले आणि गळा काढला.

"तहान लागलीय तिला," मी म्हटलं.

"लागणारच. जुलाबात तहान लागतेच. म्हणून पाणी पाजायचं का? फुटक्या माठात ओतावं तसं होतं ते. वरून जेवढं घालशील तेवढं खालून जाईल. आधी गळती थांबू दे, मग पाज की हवं तेवढं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई. आमच्या भागात सुना सासूला आत्याच म्हणतात. वैजू माझी पहिली मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची. मे महिना होता. त्या साली माणदेशात विहिरींनी तळ गाठला होता. गावात टँकर यायचा, तो विहिरीत ओतायचे, आणि ते ढवळलेलं पाणी आम्ही बायका शेंदून घरी न्यायचो. गल्लीत घराआड एक तरी पोर जुलाबानं आजारी होतं. वैजूला आदल्या संध्याकाळी सुरू झालं होतं आणि सकाळपर्यंत तिच्या अंगातलं सगळं त्राण गेलं होतं. लुगड्याचे जुने तुकडे मी एकामागून एक तिच्याखाली घालत होते आणि काढत होते.

आत्यांनी फडताळातून पितळी डबा काढला. त्यातली तांबूस पूड चिमटीत घेतली, मधात कालवली आणि वैजूच्या जिभेवर बोटानं चाटवली. कडवट लागली असणार, पण वैजूनं ती ओली म्हणून चोखली. आत्यांचं बोट ती सोडेना.

"तात्यांची पुडी आहे," आत्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत उतार पडतो."

तात्या म्हणजे आत्यांचे वडील. डोंगराच्या पलीकडच्या गावात त्यांचं घर होतं. नावाजलेले वैद्य. वय झालं होतं, नजर कमी झाली होती, तरी लोक लांबून गाड्या जुंपून त्यांच्याकडं यायचे. कावीळ, मूळव्याध, अंगावरचं जाणं, लहान मुलांची पोटं, सगळ्याला त्यांच्याकडं काही ना काही होतं, आणि गुणही यायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली होती, ती त्यांच्याच काढ्यानं सुटली. आत्या त्यांची एकुलती मुलगी. लहानपणापासून खलबत्ता त्यांच्याच पुढ्यात. भावांना जे जमलं नाही ते यांना तोंडपाठ होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तो पितळी डबा आला, आणि तेव्हापासून आमच्या गावात कुणाचं पोर आजारी पडलं की बाई आधी आमच्या दारात यायची. आत्या पुडी द्यायच्या आणि पथ्य सांगायच्या: अन्न बंद, दूध बंद, पाणी बंद.

त्या घरात आजारपणाला एक शिस्त होती. कुणी घाबरायचं नाही, कुणी आरडाओरडा करायचा नाही. कुठली वेळ झाली की काय द्यायचं, हे ठरलेलं असायचं. मला ते नवं होतं.

माझं माहेर विट्याचं. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला. आम्ही बहीणभावंडं पुष्कळ, खोली एक, आणि भिंतीपलीकडं दिवसभर मागांचा खडखडाट. आमच्यात कुणाचं पोट बिघडलं तर आईकडं औषध असं काही नव्हतंच. ज्वारीच्या कण्या शिजवायची, वरचं पाणी निथळून घ्यायची, त्यात मीठ आणि गुळाचा खडा टाकायची. ते भांडं पोराच्या उशाशी. पोर मागेल तेव्हा घोट घोट द्यायचं. मी एकदा आत्यांना तसं म्हणून बघितलं.

"आमच्याकडं कण्यांचं पाणी देतात. मीठ घालून."

"आणि औषध?"

"औषध काही नाही. तेच."

"मागावरच्या घरात पोर रडलं की गप्प करायला काहीतरी तोंडात घालतात. बाईला कामं असतात. त्याला औषध म्हणत नाहीत."

मला ते झोंबलं, पण खोटं नव्हतं. आई काही शिकून करत नव्हती. तिला पोराचं पाण्यासाठीचं रडणं ऐकवायचं नाही, एवढंच. आणि आमच्याकडची सगळी पोरं जगली असंही नव्हतं. माझ्या पाठचा एक भाऊ गेलाच होता. तेव्हा आत्यांपुढं काय तोंडानं बोलणार? त्या वैद्याच्या घरातल्या. 

उन्हं चढली तशी वैजूचं रडणं बदललं. आधी ती "पानी, पानी" म्हणत होती. मग नुसती माठाकडं बघून हुंदके द्यायला लागली. आत्यांनी माठ उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला आणि वर ताट झाकलं.

"दिसलं की मागणार," त्या म्हणाल्या.

येताना त्या तिच्याकडं बघत नव्हत्या, हे माझ्या ध्यानात आलं. पुडी द्यायला जवळ यायच्या, बोट पुढं करायच्या, आणि तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहायच्या. मला वाटलं, किती कठोर बाई.

गिरणीतून हे आले. माझे मालक गावात पिठाची गिरणी चालवायचे. अंगावर पीठ तसंच होतं. वैजूला बघून ते दारातच थबकले.

"एवढी कशी उतरली गं ही?"

"पाणी मागतीय सकाळपासून," मी म्हटलं.

यांनी आईकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "विलास, तात्यांचं औषध चालू आहे. अर्धवट सोडलं तर ना इकडचं ना तिकडचं होईल."

"मी दवाखान्यातल्या सिस्टरला घेऊन येऊ का? खालच्या वाडीत आल्यात म्हणं त्या. साथीचं बघायला."

"आण. कुणी नको म्हटलंय? पण ती येईपर्यंत माझ्या हातचं मोडायचं नाही."

हे सायकलवर टांग टाकून गेले. जाताना मला म्हणाले, "आई म्हणते तसं कर. तिला कळतं." त्यांचाही दोष नाही. ते त्याच पुड्यांवर वाढले होते आणि धडधाकट होते.

मग भर दुपारी वैजू रडायची थांबली.

मी मोरीवर तुकडे धुवत होते. आवाज थांबला तसं मला आधी बरं वाटलं. म्हटलं, झोपली. हात पुसून आत आले तर डोळे अर्धे उघडे होते आणि खोल गेले होते. ओठांवर पापुद्रे आले होते. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, चुरगळलेल्या कापडासारखी. "वैजू," मी हाक मारली. तिनं बघितलं, पण माझ्याकडं नाही, माझ्या पलीकडं कुठंतरी.

त्यानंतर मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. आत्या पुढच्या सोप्यात होत्या. सकाळच्या कण्यांचं पातेलं चुलीवर तसंच होतं. वरचं पाणी मी तांब्यात ओतून घेतलं, त्यात मीठ टाकलं, गूळ कुस्करला, आणि वैजूला पदराखाली घेऊन मागच्या दारानं गोठ्यात गेले. बैलं रानात होती. गोठा रिकामा आणि त्यातल्या त्यात गार. कडब्याला टेकून मी बसले आणि चमच्यानं तिच्या तोंडात पाणी सोडलं.

पहिला चमचा गालावरून ओघळला. दुसरा तिनं गिळला. मग तिची जीभ चमच्याला शोधायला लागली. मी भराभरा पाजलं आणि तिला भडभडून उलटी झाली. सगळं पाणी माझ्या अंगावर आलं. मला रडू फुटलं. आत्या म्हणत होत्या तसंच झालं, असं वाटलं. पण तिचं तोंड अजून उघडंच होतं. मी तिचं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू केलं, या खेपेला सावकाश. एक चमचा, मग जरा थांबायचं, मग दुसरा.

दारात सावली पडली. आत्या उभ्या होत्या.

माझ्या हातात चमचा, मांडीवर तांब्या, अंगावर उलटी. लपवायला काही जागाच नव्हती. मी वैजूला छातीशी घट्ट धरलं. मनात म्हटलं, आता काय वाट्टेल ते होऊ दे, मी हिला देणार नाही.

आत्यांनी एकच विचारलं. "गप्प झाली?"

"हो. मघापासून रडतच नाही."

त्या आत आल्या. वाकून त्यांनी वैजूच्या ओठांवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ बोट तिथंच ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं.

मला वाटलं, माझं तोंडही बघायचं नाही त्यांना. पण दाराच्या फटीतून त्यांचं लुगडं दिसत होतं. त्या बाहेर दाराला पाठ लावून बसल्या होत्या. मध्येच शेजारची पारूबाई आली. "सुनबाई कुठाय? पोरीचं कसं हाय?" ती विचारत होती. आत्या म्हणाल्या, "झोपलीत दोघी. आत जाऊ नको." मी ते ऐकलं आणि मला काही उलगडलं नाही. पाजणं मात्र थांबवलं नाही.

उन्हं कलताना हे सिस्टरला घेऊन आले. तोवर वैजूनं माझ्या मांडीवर लघवी केली होती. सकाळपासून पहिल्यांदाच. सिस्टर तरुण होती, घामाघूम झालेली, गावोगाव फिरून आवाज बसलेला. तिनं वैजूचे डोळे बघितले, पोट बघितलं, तांब्यात डोकावली.

"काय पाजताय हे?"

मी घाबरत सांगितलं.

"बरं केलंत बाई. हेच पाजत राहा. ही पाकिटं घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची, आणि मागेल तेवढं द्यायचं. जुलाब चालू असले तरी द्यायचं." मग ती यांच्याकडं वळून म्हणाली, "खालच्या वाडीत आज सकाळी एक पोरगी गेली. एवढीच होती. जुलाबानं पोर मरत नाही हो, अंगातलं पाणी संपून मरतं. आणि घरचे नेमकं पाणीच बंद करतात. हिला पाजलं नसतं तर मी येऊन तरी काय केलं असतं?"

आत्या सोप्यातल्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं. सिस्टरला त्यांनी चहा करून दिला, तिच्या हातावर पाणी घातलं, तिला वेशीपर्यंत पोचवायला यांना पाठवलं. काही कमी केलं नाही.

वैजू सुधारली. दोन-तीन दिवसांत ती अंगणात कोंबड्यांच्या मागं लागली. घरात आनंद व्हायला हवा होता, पण आत्या बोलायच्या बंद झाल्या. कामापुरतं बोलत. वैजू त्यांच्या अंगावर जाऊन पडायची तर तिला हळूच बाजूला करत आणि उठून जात. वैजूला ते कळायचं नाही. ती पुन्हा जायची. मला वाईट वाटायला लागलं, मग रागही यायला लागला. नात जगली आणि हिला आपलं ऐकलं नाही याचंच दुःख.

"तू जाऊन पाया पड एकदा," हे म्हणाले. "मोठ्या माणसाचं मोडलंस. तिच्या मनाला लागलंय."

मला ते पटत नव्हतं, पण घरातलं ते गप्प राहणं त्याहून असह्य झालं होतं. एका सकाळी आत्या मागच्या पडवीत सुपात हुलगे निवडत बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसले.

"आत्या, चुकलं असेल तर पोटात घाला. मी तुमचं मोडायला म्हणून नाही केलं."

त्यांनी सुपातून हात काढला नाही. "मालन, एक सांग. तू पाजलेलं सगळं बाहेर पडलं?"

"पडलं थोडं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं राहिलं आत."

"राहतं आत?"

"राहतं की आत्या. नाहीतर ती उठली असती का?"

त्या हुलगे निवडत राहिल्या. खडे बाजूला करत होत्या आणि तेच खडे पुन्हा सुपात पडत होते.

"सिंधू तीन वर्षांची होती," त्या म्हणाल्या.

यांच्या आधी आत्यांना एक मुलगी झाली होती हे मला ठाऊक होतं. लहानपणीच गेली, एवढंच घरात म्हणत. कशानं, ते कुणी कधी बोललं नव्हतं.

"मी माहेरी गेले होते तिला घेऊन. असेच उन्हाळ्याचे दिवस. तिला हगवण लागली. मला काय काळजी? बापाच्या घरात होते मी. तात्यांनी पुडी दिली, म्हणाले, थेंब नको पाण्याचा. मग त्यांना दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं. जाताना मला म्हणाले, चंपे, तुझ्यावर सोडून चाललोय. बाकीच्या बायकांची माया आडवी येते, तुझी यायची नाही."

सुपाबाहेर सांडलेले हुलगे मी वेचायला लागले.

"फार बोलकी होती गं. वयाच्या मानानं फारच. पाणी मागून मागून दमली. मी नाही म्हणते हे तिला कळलं. मग तिनं डोकं चालवलं. म्हणाली, आई, मला चूळ भरू दे. मी गिळत नाही. नुसती चूळ भरते आणि टाकून देते." आत्यांनी सूप खाली ठेवलं. "नाही दिली मी. मला माहीत होतं ना, ती गिळणार. मी म्हटलं, सिंधू, शहाणी ना तू? तर ती म्हणाली, हो. आणि मग नाही मागितली परत."

पडवीत वैजू आली, माझ्या पाठीवर रेलली आणि पुन्हा पळत गेली.

"दुपारी रडायची थांबली. मला वाटलं उतार पडला. शेजारीण विचारायला आली, तिला मी सांगितलं, बरं आहे आता, गप्प झालीय. उठवू नका म्हटलं कुणी." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तात्या आले तेव्हा सगळं उरकलं होतं. ते माझ्यापाशी बसले. म्हणाले, चंपे, तू सगळं बरोबर केलंस, तिचं आयुष्यच तेवढं होतं. तेवढ्या एका शब्दावर मी आजवर निभावलं. बरोबर केलं. माझ्याकडून काही राहिलं नाही. कुणाला पुडी देताना हात कापला नाही माझा."

"आत्या, तेव्हाची गोष्ट वेगळी," मी म्हटलं. "कुठली साथ होती, काय होतं, आता कोण सांगणार?"

"मी सांगते ना. डोळ्यांनी बघितलं मी. गोठ्यात." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तू जिंकलीस म्हणून नाही गं मी गप्प. ही पोरगी अंगणात धावते ना, ती बघवत नाही मला. हिचं जगणं गोड आहे. पण ती समोर आली की मला दरवेळी तेच दिसतं, एका तांब्यात झालं असतं."

मी त्यांचा हात धरला. तो हात त्यांनी काढून घेतला नाही, पण त्या हाताला माझा स्पर्श कळत होता असंही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात तात्या आले. नातवाच्या लेकीचं ऐकून त्या उन्हात बैलगाडीतून डोंगर ओलांडून आले होते. धोतर, पांढरी मिशी, हातात काठी, आणि अंगाला तो सुंठ-हिरड्याचा वास. सोप्यात घोंगडं अंथरलं. त्यांनी वैजूला मांडीवर घेतलं, नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, जीभ बघितली. वैजू त्यांच्या मिशा ओढत होती आणि ते हसत होते. खरंच मायाळू माणूस होता. मला त्यांचा राग करता येईना.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "किती वेळा दिली पुडी?"

"तुम्ही सांगितलं होतं तसंच, तात्या," आत्या म्हणाल्या.

"आणि पाणी?"

मी चौकटीत उभी होते. हे खाली बघत होते. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. आत्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मी ओठ मिटले.

"नाही तात्या," त्या म्हणाल्या. "थेंबसुद्धा नाही."

तात्यांनी समाधानानं मान हलवली. मला म्हणाले, "सूनबाई, आमच्या चंपेनं माझं सांगितलेलं जन्मात कधी मोडलं नाही. दुसरी कुणी असती तर पघळली असती. असं एक माणूस घरात लागतं, तेव्हा पोर हाती लागतं."

आत्या पुढं झाल्या आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं. तात्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलीच्या फिरवावा तसा.

गाडी वेशीबाहेर गेल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"आता ते किती दिवसांचे सोबती आहेत? एवढ्या लोकांना बरं केलं त्यांनी. ही एक गोष्ट त्यांना कळली तर पुढचं मागचं सगळं आठवत बसतील. कुणाकुणाची पोरं. मी एकीला आठवते आहे, तेवढंच पुरे घराला."

"पण पुडी न्यायला बायका येतात त्यांचं काय? उद्या कुणी आलं तर?"

त्या घरात निघून गेल्या. मी जास्त ताणलं नाही, पण माझं मन त्या दिवसापासून दारालाच लागलं होतं.

फार वाट बघावी लागली नाही. चार-आठ दिवसांतच धनगरवाड्यावरची एक बाई आली. कडेला पोरगी, मान टाकलेली, ओठ सुकलेले. "तात्यांची पुडी द्या आई," ती म्हणाली.

आत्यांनी फडताळातून डबा काढला. पुडी बांधली. बाईच्या हातावर ठेवली, पण सोडली मात्र नाही.

"ही पाण्यातून द्यायची," त्या म्हणाल्या. "कण्या शिजवून वरचं पाणी घे. मीठ टाक, गूळ टाक. तांब्याभर कर. आणि दिवसभर पाज. ओकली तरी पाज. आणि सिस्टरला दाखव आजच्या आज."

बाई गोंधळली. "पर आई, तात्या तर पानी बंद ठिवा म्हणत्यात. गेल्या साली माझ्या थोरल्याला..."

"तात्यांनीच सांगितलंय आता असं."

"व्हय?"

"हो. त्यांनीच बदललं. जा लवकर."

मला आत्यांनी खूण केली तसं मी घरातलं एक पाकीट आणून तिच्या ओटीत टाकलं, कसं कालवायचं ते सांगितलं आणि तिथंच पोरीला दोन घोट पाजले. बाई पायऱ्या उतरून गेली.

आत्यांनी डबा बंद केला, फडताळात ठेवला, आणि फडताळापाशीच उभ्या राहिल्या. थोरल्याचं काय झालं, ते त्या बाईनं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मग एकाएकी त्या वळल्या आणि पायात काही न घालता अंगणातून रस्त्यावर गेल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या, कारण चंपाबाई कधी रस्त्यावर मोठ्यानं बोललेल्या कुणी ऐकल्या नव्हत्या. ती धनगरीण पार वळणापाशी पोचली होती.

"अगं ए!" आत्या ओरडल्या. "मागेल तेवढं दे तिला! ऐकलंस का? मागेल तेवढं!"

बाईनं लांबूनच मान हलवली. आत्यांना ते दिसलं नसावं. त्या तिच्या मागं चालतच राहिल्या, पुन्हा पुन्हा तेच ओरडत, आणि मी वैजूला कडेवर घेऊन त्यांना आणायला धावले.